खड्डे, रोपं आणि माळढोकाचं तेरावं

रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाबद्दल मला अलीकडे आदर वाटू लागला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गृहस्थाने एकट्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले, अशी नोंद आहे. पोटासाठी नव्हे, हौस म्हणून. माणूस निर्दय होता यात वादच नाही. पण बार काढण्याआधी तो भाषण करत नव्हता, मेलेल्या पक्ष्याच्या नावाने घोषवाक्य स्पर्धा घेत नव्हता आणि 'वसुंधरेचं ऋण' वगैरे शब्द त्याच्या तोंडी नव्हते. शिवाय एवढ्या कत्तलीनंतरही नगर-सोलापूरच्या माळांवर पुढे दीडशे वर्षं माळढोक नांदला. आम्ही त्याला चाळीसेक वर्षांत संपवलं, तेही बंदुकीला हात न लावता. कायदा केला, अभयारण्य केलं, वृक्षारोपण केलं. एवढं प्रेम कुठला पक्षी सोसणार?

दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. २०२० पासून तो सरकारी शिक्क्यानिशी साजरा होतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख सालिम अलींच्या. चितमपल्ली सोलापूरचे. उभी हयात वनखात्यात आणि विदर्भाच्या जंगलात काढून म्हातारपणी ते सोलापूरला परतले आणि २०२५ च्या जूनमध्ये तिथेच गेले. त्यांच्या गावापासून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रस्त्यावर नान्नज आहे. नान्नजचा माळढोक त्यांच्या आधीच गेला म्हणायचा. पण सप्ताह जोरात आहे. मुलं मोराचं चित्र काढतात, बाई फळ्यावर रंगीत खडूने पोपट काढतात, पाहुणे फीत कापतात आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात एक रोप देऊन निरोप दिला जातो. त्या रोपाकडे नंतर येतोच.

नान्नजला दर वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर बसून वन्यप्राण्यांची मोजदाद होते. काळवीट, लांडगे, खोकडं, रानडुकरं, मोर असे आकडे भराभर भरले जातात. माळढोकाच्या रकान्यात अलीकडे एक येतो किंवा शून्य. एक आला तर वर्तमानपत्रात बातमी येते, जणू गावात पाव्हणा आला. ज्या अभयारण्याच्या पाटीवर ज्या पक्ष्याचं नाव, तो पक्षी दिसला ही बातमी व्हावी, याची लाज कुणाला वाटत असेल तर ती मला अजून दिसलेली नाही.

कुणी म्हणेल, हा काय एकट्या सोलापूरचा प्रकार नाही. बरोबर. १९६९ मध्ये देशभरात साधारण १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. गेल्या काही वर्षांतले अंदाज दीडशेच्या आसपासचे आहेत आणि त्यातले बहुतेक जैसलमेरकडचे. कच्छात नलियाच्या परिसरात तर गेली काही वर्षं फक्त माद्या उरल्या होत्या, नर एकही नाही. पण बाकीच्यांचं घर जळालं म्हणून आपल्या घराला लागलेली आग विझत नाही. शिवाय आपल्याकडे जे झालं त्याची तऱ्हा निराळी आहे. राजस्थानात निदान भांडण तरी आहे. आपल्याकडे सगळं सहमतीने उरकलं.

हा पक्षी ज्यांनी पाहिलेला नाही, आणि आता बहुतेकांनी पाहिलेला नसणारच, त्यांच्यासाठी थोडं. माणसाच्या कमरेच्या वर येईल एवढा उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. जगातल्या उडू शकणाऱ्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी हा एक. पावसाळ्यात विणीला आला की नर एखाद्या उघड्या उंचवट्यावर उभा राहतो, शेपूट पाठीवर उलटी टाकतो, गळ्याची पांढरी पिशवी हवेने भरतो. ती गुडघ्यांपर्यंत लोंबते. मग छातीतून एक खोल 'हूम' निघतो. जुने लोक त्याला हूम म्हणायचे ते यावरूनच. हा सगळा थाट लांबवरच्या मादीने पाहावा, ऐकावा म्हणून. म्हणजे मध्ये आडोसा नको. मादी वर्षाकाठी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, घरटं नावाचा प्रकार नाही. जवळपास महिनाभर त्यावर बसते आणि बसल्या जागेवरून चहूकडे नजर ठेवते. लांडगा, कुत्रं, माणूस लांबूनच दिसला पाहिजे. सांगायचं ते एवढंच की या पक्ष्याचं सगळं आयुष्य मोकळ्या नजरेवर उभं आहे. त्याच्या आणि क्षितिजाच्या मध्ये दहा फुटांची झुडपं उभी करा, त्याला गोळी घालायची गरज उरत नाही.

आणि आपण नेमकं तेच केलं.

आधी अभयारण्याची कथा. १९७९ मध्ये सरकारने माळढोकासाठी अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. अख्ख्या गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे दोन गोवे मावून वर जागा उरेल एवढं अभयारण्य एका अधिसूचनेने जन्माला आलं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, पलीकडे नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. त्यात गावं होती, बाजारपेठा होत्या, रेल्वेचे रूळ होते, ऊस होता. वनखात्याच्या स्वतःच्या मालकीची जमीन त्यात किरकोळ, तीही तुकड्यातुकड्यांत विखुरलेली. बाकी सगळी लोकांच्या सातबाऱ्यावरची. मंत्रालयात बसून ज्याने तो नकाशा रंगवला त्याने नान्नजचा माळ कधी पायी तुडवला असेल, असं मला वाटत नाही.

याचा परिणाम काय व्हायचा तो झाला. जमिनीच्या व्यवहारापासून मुरूम उपसण्यापर्यंत, बिगरशेती परवान्यापासून रस्त्यापर्यंत जिथे तिथे माळढोक आडवा यायला लागला. खरं तर माळढोक कुठेच येत नव्हता. तो बिचारा मार्डी, अकोलेकाटी, गंगेवाडीच्या चार माळांवर नाकतोडे खात होता. आडवा येत होता कागद. पण करमाळ्याच्या शेतकऱ्याने जो पक्षी जन्मात पाहिला नाही त्याच्या नावाने त्याचा खरेदीव्यवहार अडला, तेव्हा शिव्या कागदाला नाही, पक्ष्याला बसल्या. 'एकदा मेला की सुटलो' हे वाक्य मी कचेरीच्या बाकावर बसलेल्या भल्या माणसांच्या तोंडून ऐकलेलं आहे. मध्य प्रदेशात करेराला हेच झालं. तिथेही लोकांच्या जमिनींवर अभयारण्य बसवलं, लोक बिथरले आणि नव्वदच्या दशकात तिथला माळढोक संपला. पक्षी संपला तरी अभयारण्य पुढे कित्येक वर्षं कागदावर चालूच होतं. सोलापूरच्या अभयारण्याचं क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं ते २०१२ च्या सुमारास. तेहेतीस वर्षं सरकारने लोकांना या पक्ष्याचा द्वेष करायला शिकवलं. मग सुधारणा केली, आणि तोवर वाचवण्यासारखं फारसं काही राहिलं नव्हतं.

यात गंमत अशी की नान्नजच्या माळढोकाला ज्याने काही काळ खरोखर तारलं ते अभयारण्य नव्हतंच. ७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला. त्यातून चाऱ्यासाठी, माती अडवण्यासाठी माळांचे काही तुकडे राखले गेले. तिथे कुसळी वाढली, पवन्या वाढला, मारवेल वाढलं, त्यात नाकतोडे आले आणि त्यांच्या मागे माळढोक आला. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात या पक्ष्याकडे लक्ष वेधलं. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी आणि त्यांचे सहकारी इथे तळ ठोकून अभ्यास करत होते. दुष्काळाच्या पैशातून, गुरांच्या चाऱ्यासाठी केलेल्या कामाने चुकून एक पक्षी जगवला. चुकून झालेलं चांगलं काम सरकारी खात्याला सहन होत नाही. त्याच राखीव तुकड्यांत गिरिपुष्प लावलं गेलं, ज्याला खेड्यात उंदीरमारी म्हणतात. सुबाभूळ लावली. पाच-सात वर्षांत झाडी माणसाच्या डोक्यावर गेली आणि माळढोकाने तो तुकडा सोडला. पुढे कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला आणि काही तुकड्यांतली झाडं तोडावी लागली. लावण्याचाही खर्च, तोडण्याचाही खर्च, दोन्ही कामं हिरवीच.

माझी तक्रार एका खात्यावर थांबत नाही. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात शाळेपासून एक गोष्ट पक्की बसवलेली आहे: झाड म्हणजे निसर्ग. जिथे झाड नाही तिथे काही नाही, तिथे झाड लावणं हे पुण्य. उपग्रहाच्या चित्रावर झाडी हिरवी दिसते, माळ आठ महिने पिवळा दिसतो, आणि पिवळं म्हणजे मेलेलं असं मानणारा माणूस शिकलेला असतो. वाघासाठी जंगल लागतं हे आपल्याला कळतं. माळढोकाला, धाविकाला, चंडोलाला, खोकडाला, लांडग्याला, काळविटाला, थंडीत मध्य आशियातून येऊन गवतात रात्री मुक्काम करणाऱ्या भोवत्यांना उघडा माळच लागतो, ही गोष्ट सांगितली की समोरचा विचारतो, 'म्हणजे तुम्ही झाडांच्या विरोधात आहात का?'

होय. माळावरच्या झाडांच्या विरोधात आहे. लिहून घ्या.

२०१७ ते २०१९ या तीन वर्षांत महाराष्ट्राने ५० कोटी रोपं लावण्याचं लक्ष्य ठेवलं होतं, त्यातली ३३ कोटी शेवटच्या एका वर्षात. पुढे त्याच्या चौकशीची घोषणाही विधानसभेत झाली. सगळा वाद असा की लावली किती आणि जगली किती. लावली कुठे, हे कुणी विचारलं नाही. डोंगरावरच्या दाट जंगलात खड्डे घेता येत नाहीत, बागायतीत कुणी घेऊ देत नाही. मग राहिलं काय? गायरान, मुरमाड माळ, गुरचरण. जी रोपं वाळली त्यांनी सरकारचा पैसा खाल्ला, जी जगली त्यांनी माळ खाल्ला. मला विचाराल तर वाळली तीच बरी.

एका गायरानावरचं काम मी उभं राहून पाहिलं आहे. कुठलं खातं ते सोडा, सगळी सारखीच. फक्कीने सरळ रेषा आखलेल्या, रेषेवर ठरावीक अंतरावर खुणा, खुणेवर जेसीबीचं बकेट. जुलैचा महिना, पहिल्या पावसाने कुसळी घोटाभर उठलेली. एका खुणेपासून वीतभर अंतरावर, गवताच्या बुंध्याशी चंडोलाचं घरटं होतं. चहाच्या बशीएवढं, आत बारीक तुसाचं अस्तर, तीन अंडी, मातकट पांढरी, त्यांवर तपकिरी शिंतोडे. पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि तसं ते दिसू नये म्हणूनच केलेलं असतं. मादी दोन हातांवरून पंख पाडून, लंगडल्यासारखं करत आम्हाला दुसरीकडे नेऊ पाहत होती. जेसीबीवरचा पोरगा शहाणा. त्याने मी काही बोलायच्या आत बकेट हातभर बाजूला घेतलं आणि खड्डा तिकडे काढला. मुकादम धावत आला. म्हणाला, 'रेषा मोडू नको, मोजणी रेषेवर होती.' पोराने माझ्याकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं, आणि रेषेवर खड्डा काढला. दुपारी मंडप पडला, हार आले, फोटो झाले. 'पक्षी वाचवा, पर्यावरण वाचवा' असा फलक त्या मातीच्या ढिगाऱ्यावरच रोवला होता.

आता जरा महिन्याचा विचार करा. वनमहोत्सव जुलैत. चंडोल, माळटिटवी, तितर, लावा, माळढोक या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांतल्या बहुतेकांची वीण पावसाळ्याच्या आगेमागेच. म्हणजे आपण माळावर यंत्रं, माणसं, मंडप आणि लाऊडस्पीकर नेमके केव्हा नेतो, तर माळाची कूस भरलेली असते तेव्हा. आणि पुढच्या एप्रिलात ती रोपं काड्या होऊन उभी असतात, म्हणून त्याच्या पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत पुन्हा नवी.

केंद्र सरकारने यावर कळस चढवला. २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिटची योजना आली. उद्योगाने पैसे द्यायचे, झुडपी आणि उजाड म्हणून नोंदलेल्या जमिनीवर रोपं लावायची आणि बदल्यात पुण्याचे गुण घ्यायचे. पहिल्या नियमावलीत हेक्टरी किमान ११०० रोपांची अट होती. हेक्टरी ११०० झाडं लागली की तो माळ राहत नाही, एवढं कळायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही.

ज्यांना कार्बनची काळजी आहे त्यांच्यासाठी: गवत आपला कार्बन मुळांत साठवतं, जमिनीखाली. वणवा लागला, वरचं जळालं, तरी खालचा साठा बऱ्याच अंशी शाबूत राहतो. आणि ज्यांना कार्बनशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी साधा हिशेब. एका हाताने आपण गायरानं रोपांनी भरतो, दुसऱ्या हाताने दुष्काळात चारा छावण्या उघडतो आणि ट्रकने ऊस आणून गुरांपुढे टाकतो. छावणीच्या दारात फाटक्या पासोडीत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, गायरान कुठे गेलं. तो बोट दाखवील, कुंपणाकडे.

कुंपणाचंही ऐका. आमच्या भागातले एक मेंढपाळ मामा आहेत. राखीव तुकड्यात मेंढरं शिरली म्हणून त्यांची पावती फाटली. मला म्हणाले, 'मेंढरं न्हाईत आली तर कुसळ कमरंएवढं हुतं. मग त्यात मेंढरूबी शिरत न्हाई अन् हूमबी बसत न्हाई. चारा चारा म्हणत्यात, अन् उभा वाळवत्यात.' मामांनी कुठलं संशोधन वाचलेलं नाही, पण गवताळ प्रदेशांचे अभ्यासकही हेच सांगतात की मर्यादित चराई बंद केली की गवत माजतं आणि हा पक्षी तिथे रमत नाही. मेंढरं किती, कधी, कुठे, हे धनगरांबरोबर बसून ठरवायला हवं होतं. त्याऐवजी आपण तारेचं कुंपण घातलं, आत झाडं लावली आणि बाहेर पावतीपुस्तक घेऊन माणूस बसवला.

उसाबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर बोलायला सगळेच पुढे असतात. उजनीचं पाणी आलं, बोअर आल्या, ज्वारी, तूर, करडई, हरभऱ्याच्या जागी ऊस उभा राहिला. मालदांडीच्या रानात, करडईच्या ओळींत माळढोक चरायचा. आठ फुटी उसात त्याला शिरता येत नाही. नान्नज तर द्राक्षाचं गाव. सोनाका हे वाण याच गावच्या नानासाहेब काळ्यांनी काढलेलं. मला त्याचा अभिमानच आहे. मुरमाड रानात ज्याने बाग फुलवली त्याला मी पक्ष्यासाठी ज्वारीवर बस असं कुठल्या तोंडाने सांगू? सरकार सांगू शकलं असतं, पैसे देऊन. जो शेतकरी आपल्या दोन एकरांत पावसाळी विणीच्या महिन्यांत हात घालणार नाही त्याला एवढी भरपाई, असा साधा व्यवहार. आठ हजार चौरस किलोमीटर अडवण्याची ताकद होती, चार गावांतल्या शे-दोनशे शेतकऱ्यांशी करार करायची बुद्धी नव्हती.

आता तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात, थेट समोरचं त्याला नीट दिसत नाही, उडताना नजर खाली जमिनीवर. समोर वीजवाहिनी आली तर हे पंधरा किलोचं धूड ऐनवेळी वळत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या पाहणीनुसार थर वाळवंटातल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरांत वीजवाहिन्यांमुळे वर्षाला अंदाजे ८४ हजार पक्षी मरतात. सगळे माळढोक नव्हेत, पण जिथे माळढोकच दीडशे आहेत तिथे वर्षाला चार-दोन गेले तरी खेळ संपतो. १९७२ चा वन्यजीव कायदा घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या एम. के. रणजितसिंहांना ऐंशी ओलांडल्यावर या पक्ष्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने जवळपास ९९ हजार चौरस किलोमीटरांत तारा जमिनीखाली घ्यायला सांगितल्या. सौरऊर्जावाले आणि सरकार धावत आले: खर्च परवडत नाही, देशाचं हवामानाचं उद्दिष्ट बुडतं. मार्च २०२४ मध्ये सरसकट आदेश मागे घेतला गेला आणि तज्ज्ञ समिती आली. त्याच निकालात न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकाचा हक्क असल्याचं मान्य केलं. आपल्याला हक्क मिळाला आणि पक्ष्याला समिती. डिसेंबर २०२५ च्या निकालात समितीने सुचवलेलं प्राधान्यक्षेत्र मान्य झालं: राजस्थानात १४,०१३ चौरस किलोमीटर, गुजरातेत ७४०. एवढं तरी राहिलं, हे रणजितसिंहांच्या चिकाटीचं फळ.

सौरऊर्जा नको असं मी म्हणत नाही. पण पॅनेल टाकायला जागा शोधताना सगळ्यांना माळच कसा सापडतो? कारखान्यांची, गोदामांची, रेल्वे स्थानकांची छपरं आहेत, कालवे आहेत. तिथे परवानग्यांची कटकट असते, एकगठ्ठा जागा मिळत नाही. माळ मात्र मुकाट असतो. झाडवाल्यांना माळ हवा, पॅनेलवाल्यांना हवा, एमआयडीसीला हवा, शहराचा कचरा टाकायलाही माळच. कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि हीच कुत्री जमिनीवरची अंडी-पिल्लं फस्त करतात. या सगळ्यांचं एकमेकांशी पटत नाही, पण माळ रिकामा आहे यावर एकमत आहे.

चित्त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते विमानाने आणून कुनोत सोडले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा. तेव्हा सांगितलं गेलं की चित्त्याच्या निमित्ताने देशातले गवताळ प्रदेश वाचतील. ऐकायला छान. पण गवताळ प्रदेश वाचवायला परदेशातून पाहुणा आणायची गरज काय होती? घरचा धनी इथेच होता, नान्नजला, आंध्रातल्या रोलापाडूला, नलियाला, फुकटात. त्याच्यासाठी ना विमान आलं, ना थेट प्रक्षेपण. चित्ता फोटोत बरा दिसतो, हे मान्य.

आणि आम्ही पक्षिप्रेमी? आमचंही थोडं होऊन जाऊ द्या. लाखाची लेन्स गळ्यात अडकवून, जीपा गवतात घालून, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला विणीच्या दिवसांत घरट्यावरून उठवणारे आम्हीच. 'लाइफर', म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी, मिळाला की गट सोडून पुढच्या पक्ष्याकडे. नान्नजला माळढोक होता तोवर रविवारी रांगा होत्या, गेला तशा रांगा भिगवणच्या रोहितांकडे वळल्या. माळाचं गायरान एमआयडीसीला जाणार अशी नोटीस तहसील कचेरीत लागते तेव्हा हरकत नोंदवायला यातले किती जण जातात? ती नोटीस शिकारी लेन्समधून दिसत नसावी.

चांगलं काही झालंच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. जैसलमेरजवळ सम आणि रामदेवऱ्याला प्रजनन केंद्रं उभी राहिली आहेत, ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं, आणि आता या केंद्रांत पन्नासहून अधिक पक्षी आहेत. ज्यांनी ही अंडी वाळवंटातून उचलून आणली आणि रात्रंदिवस जागून पिल्लं वाढवली, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण ही पिल्लं मोठी होतील. उद्या राजस्थानने मोठ्या मनाने महाराष्ट्राला विचारलं, तुमच्या नान्नजसाठी चार जोड्या हव्यात का, तर आपण काय सांगणार? माळाचे तुकडे झालेले, तुकड्यांच्या मधून तारा, तारांच्या खाली ऊस, आणि जे मोकळं राहिलं तिथे खड्डे. आज नान्नजला माळढोक आणून सोडणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणं होईल, आणि या खेपेला मॅन्सफील्डचं नाव पुढे करता येणार नाही.

म्हणून माळढोक परत आणा अशी मागणी मी करत नाही. मागणी लहान आहे. पुढच्या दहा वर्षांत कुठल्याही सरकारी योजनेतून गवताळ माळावर एकही रोप लावू नका. महसुलाच्या दप्तरात आज जो माळ पडीक म्हणून लिहिलेला आहे तो गवताळ माळ म्हणून लिहा, म्हणजे तो उद्या कुणाला फुकट वाटता येणार नाही. विणीचे चार महिने तिथे यंत्र नको. चराई बंद करायची असेल तर आधी मेंढपाळांना चर्चेला बोलवा. पुणे वनविभागाने कडबनवाडीकडे गवताळ सफारी सुरू केली आहे. उशिरा का होईना, माळही पाहायची जागा असते हे एका कार्यालयाला पटलं. बाकीच्यांनाही पटू शकतं.

तुम्हाला झाडं लावायची आहेत ना? लावा. बांधावर लावा, रस्त्याच्या कडेला लावा, शाळेच्या आवारात वड-लिंब लावा, ओढ्याच्या काठी करंज लावा. फक्त माळ सोडा. आणि गावात राहत असाल तर एक काम करा. १ मेच्या ग्रामसभेला जा. तलाठ्याकडून गायरानाचा गट नंबर काढून घेऊन जा आणि यंदा त्या गटात खड्डे घ्यायचे नाहीत असा ठराव मांडा. हसतील, मांडा. जुलैत हारतुरे आल्यावर भांडून उपयोग नसतो. बहुतेक ठिकाणी खड्डे मे महिन्यातच घेतलेले असतात.